दुधाच्या पेटीतली टेप

१६ सप्टेंबर, सोमवार

कांदा करपला. फोनमुळे! पेरोगीच्या, आमच्या पोलिश करंज्यांच्या, सारणाचा कांदा सोडून मी कधी हलत नाही, पण चेट खाली तळघरात होता आणि फोन काही थांबेना.

कॅलिफोर्नियातून एक मुलगी बोलत होती. आवाज गोड, घाई फार. "मिस्टर चेस्टर प्लुटा आहेत का? नॉर्थ पिअर बँडचे ड्रमवाले?"

नॉर्थ पिअर! हे नाव आमच्या घरात किती वर्षांनी ऐकलं. मी म्हटलं, "माझा नवरा. कारखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली त्याला. काय काम?"

काम असं — ती टीव्हीवरची मालिका, सात वर्षं चाललेली, खुनांची. बघू नका म्हणून मी चर्चमधल्या बायकांना सांगते आणि त्या बघतात, तीच. तिचा शेवटचा भाग डिसेंबरात आहे. त्या भागाच्या अगदी शेवटी त्यांना आमचं 'मीठगाडी' हे गाणं हवं आहे. "पण रेडिओवर लागतं ते नको. ते अर्ध्यात विरून जातं. आम्हाला पूर्ण हवंय, साडेपाच मिनिटांचं. ती टेप कोणाकडे आहे?"

रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि जिन्यातून हाक मारली. चेट वर आला. ऐकून घेतलं. म्हणाला, "गाणं घ्या. टेप नाही. शहात्तर साली चोरीला गेली. चोर अजून गावातच आहे. वॉल्ट डोम्बेक. त्याला विचारा."

फोन ठेवला आणि परत खाली गेला. मग मला कांद्याचा वास आला.

१७ सप्टेंबर, मंगळवार

हिशेबाच्या वहीची मागची पानं काढून बसले. लिहायला हात होत नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

चर्चच्या तळघरात पेरोगी. आज चाळीस डझन. ट्रुडी पीठ लाटत होती, रीटा सारण भरत होती, मी कडा दुमडत होते. बातमी माझ्याआधी पोचलेली!

"बर्नी, खरं का गं? तुझा चेट टीव्हीवर?" ट्रुडी.

"चेट नाही, चेटचं ढोलकं," रीटा म्हणाली.

मी म्हटलं, "तुम्ही ती मालिका बघताच कशाला? किती शिव्या त्यात!"

"मी आवाज बंद करून बघते."

"मग कळतं काय?"

"खून कळतात ना."

हसलो. मग वर ऑर्गन सुरू झाला. वॉल्ट रविवारची तयारी करत होता. आम्ही खाली, तो आमच्या डोक्यावर. ट्रुडीचा आवाज आपोआप खाली आला. "काही म्हण, हात अजून काय चालतो त्याचा! चोर असला म्हणून काय झालं."

चोर असला म्हणून! ज्या माणसाने सदतीस वर्षं या चर्चच्या प्रत्येक लग्नाला आणि प्रत्येक मयताला वाजवलं, त्याच्या नावापुढे हे असं सहज येतं, पेरोगीपुढे आंबट साय यावी तसं. मी कडा दुमडत राहिले. दोन फाटल्या.

घरी आल्यावर वाटलं, निदान बँडचं तरी एकदा सरळ लिहून काढावं. मुलांना मी कधी धड सांगितलं नाही.

अडुसष्ट साली वॉल्टच्या वडिलांच्या गॅरेजमध्ये सुरू झाला. चेट ड्रमवर. त्याचा धाकटा भाऊ रेमंड गिटार वाजवायचा आणि गायचा. वॉल्ट ऑर्गनवर. बेसवर एक जण होता, तो पुढे बफेलोला विमा विकायला गेला. सरोवराकाठच्या दारूच्या गुत्त्यांत वाजवायचे — मी आत कधी गेले नाही, बाहेर गाडीत बसून मोजे विणायचे. चौऱ्याहत्तरला 'मीठगाडी' निघालं आणि देशात अकराव्या नंबरपर्यंत गेलं. रेमंड आणि वॉल्टने मिळून लिहिलेलं. बर्फात अडकलेला माणूस. बायकोशी भांडलाय, बॅग भरलीय, रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी कधी येते याची खिडकीत वाट बघतोय. ती आली की बर्फ वितळेल आणि हा निघून जाईल. रेडिओवर गाणं तिथेच विरतं. सगळ्या अमेरिकेला वाटतं, तो गेला.

तो जात नाही. शेवटच्या कडव्यात गाडी येते, रस्ता मोकळा होतो, आणि तो बूट काढून चुलीपाशी ठेवतो. कंपनीने ते कापलं. लांब पडतं म्हणाले. बँडने क्लीव्हलंडला स्वतःच्या पैशाने ते पुन्हा पूर्ण वाजवलं, पुढच्या तबकडीत घालायचं म्हणून. त्याची एकच टेप केली. नक्कल करायची ती पुढच्या आठवड्यात, असं ठरलेलं.

वॉल्टने ती ऐकायला घरी नेली. परत दिली म्हणाला. "गुरुवारी सकाळी तुमच्या पोर्चवर दुधाच्या पेटीत ठेवली, दार कोणी उघडलं नाही." कोणी विश्वास ठेवला नाही. त्या दिवसांत एक दुसरी कंपनी वॉल्टला एकट्याला बोलवत होती, ते सगळ्यांना ठाऊक होतं. शनिवारी रेमंडने त्याला गुत्त्याबाहेर मारलं. चेटनेही. बँड तिथे संपला. रेमंड ॲरिझोनाला निघून गेला, आणि एकोणऐंशीत ट्रक उलटून शवपेटीतून घरी आला. वॉल्टशी बोलला नाही तो नाहीच.

वॉल्ट दर रविवारी दहाच्या मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, ऑर्गन वाजवतो. म्हणून चेट शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जातो. मी दहाच्या. घरात दोन मिस्सा.

२२ सप्टेंबर, रविवार

आज ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठले नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं रीटाला. खोटं.

लिहूनच टाकते. ती टेप मी पुसली.

शहात्तरचा मे महिना. सासूबाई पुढच्या खोलीत कोचावर. डॉक्टरांनी हात टेकलेले. त्यांना मरणाची भीती नव्हती, चिंता एकच — आमच्यात दफनाच्या आदल्या संध्याकाळी शवपेटीजवळ जपमाळ म्हणतात ना, ती. "त्या बायका धावत सुटतात, बर्नी. शेजारणीच्या सासूच्या वेळी बघितलं मी. अकरा मिनिटांत माळेची पाचही रहस्यं म्हणून मोकळ्या! बस पकडायची असल्यासारखी. माझी मीच म्हणते. तू भर त्या यंत्रात."

घरात चेटचं टेपचं यंत्र होतं. कोरी टेप नव्हती. आणि रेमंडची एक सवय होती. सरावाच्या, नको असलेल्या टेपा तो फेकायचा, मी एकदा ओरडले, "चांगली वस्तू फेकतोस? मला दे." तेव्हापासून तो त्या आमच्या दुधाच्या पेटीत ठेवून जायचा. दूधवाला बंद झाला होता, पेटी तशीच. त्या टेपांवर मी सासूबाईंची पोलिश गाणी भरली, पोरांचे पहिले शब्द भरले. वापरलेली टेप पुन्हा वापरायची, यात मला कधी काही वाटलं नाही. मी चांदीचा कागदसुद्धा धुऊन वाळत घालते.

गुरुवारी दुपारी पेटी उघडली. एक खोकं, नाव नाही, वर पेन्सिलीने ५:३० एवढंच. अक्षर रेमंडचं. माझ्यासाठीच ठेवलीय समजले! ऐकूनही बघितली नाही. यंत्र सगळ्यात हळू गतीवर लावलं, म्हणजे टेप पुरते. सासूबाईंनी माळ हातात घेतली. बावीस मिनिटं. एकदा मध्येच थांबून म्हणाल्या, "पाणी दे." तेही त्यात आहे.

शनिवारी चेट घरी आला, बोटांची सालं गेलेली. रक्त धुताना म्हणाला, "खोक्यावर पाच-तीस लिहिलं होतं रेमंडने. चोराने निदान ते खोकं तरी ठेवायचं."

तेव्हा मला कळलं.

सासूबाई जिवंत होत्या. त्यांची माळ कपाटात होती. मी म्हटलं, त्या गेल्यावर सांगू. त्या नवव्या दिवशी गेल्या. दफनाच्या आदल्या संध्याकाळी ती टेप लावली. ऐंशी माणसं बसून त्यांच्याच आवाजामागे म्हणत होती. हुंदके! आता कसं सांगू? म्हटलं, महिन्याने सांगू. तोवर रेमंड ॲरिझोनाला गेला.

मी पापकबुली दिली होती. त्याच वर्षी, म्हाताऱ्या फादर झीग्मुंटना. ते म्हणाले, "चूक झाली, ते पाप नाही. गप्प बसलीस, ते पाप. त्या माणसाला जाऊन सांग. हेच प्रायश्चित्त." मी "हो फादर" म्हटलं. आणि गेले नाही. न केलेलं प्रायश्चित्त पोटात ठेवून सदतीस वर्षं जिभेवर ख्रिस्तप्रसाद घेतला.

१ ऑक्टोबर, मंगळवार

कागद आले. दोन सह्या हव्यात. एक वॉल्टची, एक चेटची — रेमंडचा हिस्सा चेटकडे आला म्हणून. टेप नसेल तर नसो, रेडिओवरचं घेऊ म्हणतात. आठ नोव्हेंबरपर्यंत.

वॉल्टने वकिलाला कळवलं आहे: सही करीन, पण चेस्टर प्लुटाने आधी रविवारी दहाच्या मिस्सानंतर चर्चच्या दारात उभं राहून सगळ्यांसमोर म्हणायचं, वॉल्टने टेप चोरली नाही. पैसे नकोत. एवढंच.

चेट हसला. चांगलं हसणं नव्हतं. "म्हणावं, सरोवर उकळलं की येतो."

"नसेल चोरली तर?" मी विचारलं. एवढं तरी विचारलं!

त्याने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाला, "सूप गार होतंय, बर्नी."

१२ ऑक्टोबर, शनिवार

चेट मिस्साला गेला तशी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. टेबलक्लॉथखाली आहे तिथेच. खोकं, ५:३०, सगळं तसंच. पेन्सिल खोडायचं कितीदा मनात आलं, पण रेमंडचं अक्षर, हात झाला नाही.

एक नवल. सासूबाईंच्या शवपेटीजवळ लावली त्या संध्याकाळी टेप शेवटपर्यंत चालली, आणि मला ती उलटी गुंडाळून ठेवायचंही बळ नव्हतं. तशीच उचलून ठेवलेली चांगली आठवते. आज बघते तर नीट गुंडाळून सुरुवातीला आणलेली. आता त्रेसष्टाव्या वर्षी आठवणीवर काय भरवसा!

१९ ऑक्टोबर, शनिवार

फादर ओकेकेंकडे गेले. नायजेरियाचे, माझ्या धाकट्याच्या वयाचे. जाळीमागे गुडघ्यावर बसले आणि सगळं सांगितलं.

फादर म्हणाले, "मी तुम्हाला नवं प्रायश्चित्त देत नाही. जुनं तिथेच उभं आहे तुमची वाट बघत. माणूस अजून जिवंत आहे ना? वरच्या माळ्यावरच बसतो."

"तो मला क्षमा करील का, फादर?"

"ते तुम्हाला कुठे करायचंय? तुम्हाला फक्त जिना चढायचाय."

२० ऑक्टोबर, रविवार

चढले. एकोणीस पायऱ्या. मिस्सा संपून लोक खाली कॉफीला गेले होते. वॉल्ट वाद्यावरून फडकं फिरवत होता. जवळून बघितला आज, किती वर्षांनी. बोटांची पेरं सुजलेली.

"बर्नडीन," तो म्हणाला. "माळा चुकलीस का?"

मी उभ्यानेच सांगितलं. दुधाची पेटी, खोकं, सासूबाई, सगळं. अडखळले नाही. घरून पाठ करून आले होते.

तो फडकं घडी करत राहिला. चौघडी. आठघडी.

"मी दार वाजवलं होतं," तो म्हणाला. "तीनदा."

"मी मागे कपडे वाळत घालत होते. ऐकू आलं नाही."

"दर रविवारी तू त्या चौथ्या बाकावर बसतेस. निळा कोट. आरशातून दिसतेस मला, फादर वेदीशी कधी येतात ते बघायला लावलाय ना हा आरसा. सदतीस वर्षं मी तुझ्या पाठीकडे बघत ऑर्गन वाजवतोय, आणि तुला ठाऊक होतं?"

"हो."

"माझ्या आईने शेवटच्या दिवशी मला जवळ बोलावलं. मला वाटलं आशीर्वाद देते. म्हणाली, वॉल्टर, आता तरी सांग, घेतलीस का?" त्याने ऑर्गनचं झाकण लावलं. "तिला कोण सांगणार आता? तू चढशील तिथवर?"

मला रडू आलं. त्याने थांबवलं. "रडू नको. रडलीस की मला तुझी समजूत घालावी लागेल, आणि मी घालणार नाही." मग म्हणाला, "चेटला माहिती आहे?"

"नाही."

"आधी त्याला सांग. मग बघू."

उतरताना विचारलं त्याने, मागून, आवाज बदललेला, "काहीच उरलं नाही का गं त्यावर? रेमंडचं?"

२१ ऑक्टोबर, सोमवार

सांगायला जमलं नाही. मांसाचा वडा केला होता, त्याला आवडतो.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आजही नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं.

सकाळी, न्याहारीच्या टेबलावर. तो अंड्यावर मीठ टाकत होता. मी डबा आणून समोर ठेवला, आतून खोकं काढलं. म्हटलं, "चेट, ही ती टेप. वॉल्टने आणून दिली होती. मी आईंची माळ भरली हिच्यावर. शनिवारी तू बोललास तेव्हा कळलं मला, आणि मी गप्प बसले."

मला वाटलं होतं ताट फेकेल. ओरडेल. रेमंडचं नाव घेईल. त्याने चमचा पुसला. दोन्हीकडून. म्हणाला, "बरं."

बरं!

मग उठून गॅरेजमध्ये गेला. दुपारपर्यंत तिथेच. मी दाराशी जाऊन ऐकलं, बाकावर दोन बोटांनी वाजवत होता, हळू, तेच ते. एक प्रश्न विचारला नाही. कधी, का, कसं — एकही नाही. बेचाळीस वर्षं ओळखते या माणसाला. याहून ओरडला असता तर बरं होतं.

३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी चेट सूट घालून खाली आला. "कुठे?" म्हटलं. "दहाच्या मिस्साला."

चौथ्या बाकावर शेजारी बसला. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली ती प्रवचनातसुद्धा थांबली नाही. वर ऑर्गन एकदा चुकला. वॉल्ट कधी चुकत नाही.

मिस्सा झाल्यावर चेट दारात पायरीवर उभा राहिला. बर्फ भुरभुरत होता, तरी कोणी हललं नाही. वॉल्ट खाली आला, टोपी हातात. चेटचा आवाज ड्रमवाल्याचा, मोठा. "शहात्तर सालापासून मी या माणसाला चोर म्हणतोय. तो चोर नाही. त्याने टेप आणून दिली होती. आमच्या घरात ती गहाळ झाली."

गहाळ झाली म्हणाला. मला वाचवायला! ट्रुडीने "अगं बाई" म्हणून हात तोंडावर घेतला. आणि मला कळलं की हे असंच सोडलं तर मी परत तिथेच राहीन, कपाटाशी.

"गहाळ नाही झाली," मी म्हटलं. आवाज किती बारीक निघाला! "मी पुसली. चुकून. आणि सगळी वर्षं गप्प राहिले. या चर्चमध्ये, या बाकावर बसून."

रीटाच म्हणाली, "म्हणजे सासूबाईंची ती माळ? जिच्यात त्या पाणी मागतात?"

"तीच."

वॉल्टने टोपी घातली. चेटने हात पुढे केला होता, तो त्याने घेतला नाही. म्हणाला, "कागद पाठवून द्या. सही करतो." आणि गाडीकडे गेला.

घरी येताना मी म्हटलं, "एवढं तरी झालं." चेट गाडी चालवत होता. म्हणाला, "हं."

५ नोव्हेंबर, मंगळवार

वॉल्टची सही आली. सोबत चिठ्ठी: ती टेप त्या लोकांना पाठवा. ते पुसलेल्यातूनही काढतात कधीकधी. प्रयत्न करा. रेमंडसाठी.

चेट म्हणाला, "आईचा आवाज आहे त्यात. हरवली वाटेत तर?" मग स्वतःच खोकं बांधलं, तीन थर कागद, आणि पोस्टात जाऊन देऊन आला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

फोन! त्या मुलीचा नाही, एका तंत्रज्ञाचा. म्हातारा असावा, सावकाश बोलत होता. मी लिहून घेतलं तसं उतरवते.

टेप म्हणजे रुंद पट्टी. स्टुडिओतलं यंत्र तिच्या सगळ्या रुंदीवर लिहितं. आमच्यासारखं घरगुती यंत्र फक्त एका कडेला लिहितं आणि तेवढंच पुसतं. दुसरी कड शाबूत आहे.

"म्हणजे?" मी म्हटलं.

"म्हणजे बाई, डावीकडचं गेलं. उजवीकडचं गाणं आहे. पूर्ण. गायक आहे आणि ऑर्गन तर फारच स्वच्छ आहे. ड्रम लांबून येतात, शेजारच्या घरात वाजत असल्यासारखे. पण आहेत."

मी तेही लिहून घेतलं.

तो म्हणाला, "एक विचारू? दुसऱ्या कडेला काय आहे? गाण्याच्या गतीने लावलं की चिमण्यांसारखं ऐकू येतं. सारखं, न थांबता, चिवचिव."

"जपमाळ," मी म्हटलं. "माझ्या सासूबाई."

"आम्ही ती काढून टाकू."

"गाण्यातून काढा," मी म्हटलं. "टेपवरून नको."

लगेच वॉल्टला फोन केला. सदतीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा नंबर फिरवला. लिहून घेतलेलं सगळं त्याला वाचून दाखवलं. पलीकडून, "ऑर्गन स्वच्छ आहे म्हणाला?"

"फारच, म्हणाला."

"हं," वॉल्ट म्हणाला. "असणारच."

१५ डिसेंबर, रविवार

शेवटचा भाग. मी वॉल्टला बोलावलं. येईल असं वाटलं नव्हतं. आला, घरून मोहरीची बाटली घेऊन! "तुझ्याकडची पाण्यासारखी असायची," म्हणाला. अजून आठवतं त्याला! मी पाणी घालते खरी, जास्त पुरते.

कोचाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला चेट. मध्ये मी, हातात जपमाळ. खून दोनच झाले. तो नायक, सात वर्षं सगळ्यांना फसवणारा, शेवटी आपल्याच गल्लीत येतो. बर्फ पडलेला. घरात बायको-पोरं जेवताहेत, खिडकीतून दिसतात. त्याला पळून जायचंय, गाडी सुरू आहे. आणि ऑर्गन सुरू होतो.

मी वॉल्टकडे बघितलं नाही. त्याची बोटं मात्र गुडघ्यावर हलत होती.

रेडिओवर जिथे विरतं ती जागा आली. विरलं नाही! रेमंड गातच राहिला. सत्तावीस वर्षांच्या पोराचा आवाज. गाडी आली, मीठ पडलं, रस्ता काळा झाला, त्याने बूट काढले. टीव्हीतल्या त्या माणसाने गाडी बंद केली, कोपऱ्यात टेकवलेलं फावडं घेतलं आणि पायरीवरचा बर्फ काढायला लागला. आत जात नाही, हाकही मारत नाही. काढतोय. सगळी वाद्यं थांबली, ड्रम तेवढे लांबून वाजत होते, आणि रेमंड हसून बोलला, गाण्यात नाही, असंच, "थांबू नको, चेट."

मग पडदा काळा.

चेट उठून स्वयंपाकघरात गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ.

वॉल्ट म्हणाला, "मला वाटायचं मीच ते कडवं मनाने रचलंय. इतकी वर्षं ऐकलं नाही की तसं वाटायला लागतं." निघताना दाराशी थांबला. मी म्हटलं, "नाताळच्या आदल्या संध्याकाळी ये जेवायला. आम्ही एक ताट जास्त मांडतोच."

"ते ताट अनोळख्यासाठी असतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "किती वाजता?"

२४ डिसेंबर, मंगळवार

पहिली चांदणी साडेपाचलाच दिसली, ती दिसल्यावरच आम्ही जेवायला बसतो. वॉल्ट सहाला येणार. ताटं तीन. बसण्याआधी दरवर्षीसारखी पवित्र पोळी काढली, पापुद्र्यासारखी पांढरी. एकमेकांच्या पोळीचा तुकडा मोडायचा आणि वर्षाची क्षमा मागायची. दरवर्षी आम्ही तेच म्हणतो: काही चुकलं असेल तर. आज चेटने माझा तुकडा मोडला आणि तोंडात घातला नाही. म्हणाला, "रेमंडला पुरून आलो ना, त्या दिवशी मला आईचा आवाज हवा होता. तू झोपली होतीस. मी डबा उघडला, खोक्यावर पाच-तीस बघितलं. पूर्ण ऐकली आणि गुंडाळून ठेवली." चौतीस वर्षं! मी म्हटलं, "मग चोर का म्हणत राहिलास?" तो म्हणाला, "मी थांबलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, मग कोणी? आणि वॉल्टच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. म्हणून शनिवारची मिस्सा."

दारावरची घंटा वाजली. तीनदा. चेट उठला, उरलेली पोळी हातात घेतली, बाहेर पोर्चवर गेला आणि दार मागून ओढून घेतलं. आता पावणेसात. बोलण्याचा आवाज येत नाही. सूप दुसऱ्यांदा गरम करते आहे.